पाखरांचा तिसरा हिस्सा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावाला भूगोल शिकवला. नकाशावर बोट ठेवून ते कारणं विचारत : इथे वाळवंट का, तिथे मासळी का? आज मी या दोन प्रश्नांपासूनच सुरुवात करतो, कारण दक्षिण अमेरिकेत पेरूच्या किनाऱ्यावर ही दोन्ही शेजारीशेजारी नांदतात.

समुद्रावर जगणाऱ्या पक्ष्यांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती जगात आहेत. बदलत्या समुद्रात त्यांच्या विणीचं काय होतंय, याचा धावता आढावा तासाभरात घेता येईल, पण त्यातून हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा एकच किनारा नीट पाहू. पेरू निवडण्याचं कारण असं की पक्षी, मासळी आणि माणूस या तिघांचा हिशेब इतकी वर्षं, इतक्या बारकाईने मांडला गेला आहे अशी जागा जगात क्वचितच सापडते. शिवाय तिथे जे घडलं ते मासळीवर जगणाऱ्या आपल्या किनाऱ्याने समजून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

पेरूचा किनारा कोरडा ठणठणीत आहे. लिमा हे राजधानीचं शहर, पण तिथे छत्रीची गरज पडत नाही. त्याला लागून असलेला समुद्र मात्र थंड आणि मासळीने गजबजलेला. दक्षिणेकडून किनाऱ्याला धरून वारे वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर लोटलं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. खोल अंधारात साठलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट त्याच्याबरोबर उजेडात येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांच्या जिवावर अँचोव्हेटा हा मासा वाढतो. वीतभरही लांब नसलेला, आपली मांदेली ज्या कुळातली त्याच कुळातला. हेच थंड पाणी किनाऱ्यावरची हवा थंड ठेवतं, ढगाला वर चढू देत नाही, म्हणून जमिनीवर पाऊस नाही. वाळवंट आणि मासळी, दोन्हींचं मूळ एकच.

यात पक्ष्यांच्या दृष्टीने एक विशेष गोष्ट आहे. या समुद्रात थोडं खाली गेलं की प्राणवायू जवळपास संपतो. अँचोव्हेटाला त्या थराखाली जाता येत नाही, त्यामुळे त्याचे थवे वरच्या काही मीटर पाण्यात कोंडल्यासारखे राहतात. हवेतून सूर मारणाऱ्या किंवा पाण्याखाली पोहणाऱ्या पक्ष्याला याहून सोयीचं काय हवं! जगात मासे पुष्कळ ठिकाणी आहेत, पण चोचीच्या टप्प्यात इतके दाट मासे फार थोड्या ठिकाणी आहेत.

या मेजवानीवर तीन पक्षी प्रामुख्याने जगतात : ग्वानाय नावाचा पाणकावळा, पेरूचा बूबी आणि तिथला झोळीवाला, म्हणजे पेलिकन. यातला ग्वानाय आज आपला नायक. काळी पाठ, पांढरं पोट, डोळ्याभोवती लाल कातडी आणि तिच्यात हिरवं कडं. बेटाच्या उघड्या, सपाट माथ्यावर तो वीण करतो. चौरस मीटरला तीनेक घरटी, म्हणजे बसलेल्या पक्ष्याने मान लांब केली तर शेजाऱ्याला चोच लागावी इतक्या दाटीने. काडी नाही, गवत नाही. स्वतःच्या विष्ठेचं कडं रचून त्या वाटीत दोन-तीन अंडी. पाणकावळ्यांच्या पोटाला अंडी उबवण्यासाठी उघडी पडणारी कातडी नसते, म्हणून ते पडदे असलेल्या पावलांनी अंड्यांना ऊब देतात. नर आणि मादी आळीपाळीने बसतात. एक बसला की दुसरा समुद्रावर.

आणि समुद्रावर जायचं म्हणजे नेमकं कुठे? अँचोव्हेटाचे थवे रोज जागा बदलतात. यावर ग्वानायने जी रीत काढली आहे ती फ्रान्स आणि पेरूच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केली. हा शोध मला फार सुंदर वाटतो. बेटाजवळच्या पाण्यावर ग्वानायांचा एक मोठा जमाव तरंगत असतो. मासे खाऊन परतणारे पक्षी लांबच लांब रांगा करून येत असतात, आणि हा तरंगता जमाव त्या रांगांच्या दिशेला सरकत राहतो. रांग उत्तरेकडून येऊ लागली की जमाव बेटाच्या उत्तरेला. बेटावरून निघालेला पक्षी आधी या जमावात उतरतो आणि तिथून ज्या दिशेने रांग येते आहे तिकडे उडतो. एकट्याने शोधत फिरायचं नाही, सर्वांचं शोधणं सर्वांच्या कामी येतं. अर्थात यासाठी पक्षी पुष्कळ हवेत. वसाहत विरळ झाली की रांगा तुटतात आणि उरलेल्या प्रत्येकाला मासा शोधणं जड जातं. लाखाचे हजार झाल्यावर नुकसान नुसत्या संख्येचं राहत नाही, ते इथे दिसतं.

आता एल निनो. काही वर्षांनी प्रशांत महासागरावरचे पश्चिमेकडे वाहणारे वारे ढिले पडतात, पश्चिमेला साठलेलं ऊबदार पाणी पूर्वेकडे सरकतं आणि पेरूच्या किनाऱ्याशी थंड पाण्यावर त्याचा जाड थर पसरतो. वारा खालचं पाणी वर ओढतोच, पण आता जे वर येतं तेही ऊबदार आणि सत्त्वहीन. अँचोव्हेटाला कोंडणारा प्राणवायू नसलेला थर खोल जातो. मासा खाली उतरतो, दक्षिणेकडे पांगतो किंवा किनाऱ्याच्या कडेला उरलेल्या थंड पट्ट्यात गोळा होतो. मासा असतो, पण पाखराच्या टप्प्यात नसतो. त्या दिवसांत बेटांवर काय होतं? आधी मोठे पक्षी परत यायला उशीर करू लागतात. मग एक परतेपर्यंत दुसरा थांबत नाही. अंडी उघडी पडतात, पिलं उघडी पडतात आणि थोड्या दिवसांत अख्खी बेटं ओस. १९८२ सालच्या नोव्हेंबरात प्रशांत महासागराच्या मध्यावरच्या ख्रिसमस बेटावर राल्फ आणि एलिझाबेथ श्रायबर हे अमेरिकन अभ्यासक पोचले, तेव्हा त्यांना हेच दिसलं. सुमारे १ कोटी ७० लाख समुद्री पक्ष्यांचं ते घर. जवळपास सगळे पक्षी निघून गेले होते आणि मागे राहिलेली पिलं घरट्यांत उपाशी मरत होती. शतकातल्या सर्वांत मोठ्या एल निनोंपैकी एकाची ती सुरुवात होती आणि त्या वेळी हवामानशास्त्रज्ञांनाही त्याची पुरती चाहूल लागलेली नव्हती.

पिलं सोडून जाणाऱ्या या आईबापांबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे. समुद्री पक्ष्याच्या विणीचं सगळं गणित या एका वागण्यात आहे.

बहुतेक समुद्री पक्षी दीर्घायुषी. वीस-वीस वर्षं जगतात, अल्बट्रॉस तर साठी ओलांडतात. अशा पक्ष्याला एक वीण वाया गेली तरी पुढे संधी असते, पण तो स्वतः मेला तर पुढच्या सगळ्याच विणी गेल्या. म्हणून टंचाईत तो आधी स्वतःला वाचवतो. हा निर्णय तो एकदम घेत नाही, पायरीपायरीने घेतो. मेक्सिकोच्या इसाबेल बेटावर निळ्या पायांच्या बूबीचा अभ्यास अनेक वर्षं चालू आहे. तिथे दिसून आलं की नराला दोन दिवस अन्न मिळालं नाही तर त्याच्या पायांचा झळझळीत निळा रंग मंदावतो. मग अभ्यासकांनी एक प्रयोग केला. मादीने पहिलं अंडं घातल्यावर तिच्या जोडीदाराच्या पायांना रंग लावून ते मुद्दाम मंद केले. अशा माद्यांनी दुसरं अंडं लहान घातलं. समुद्रात मासळी किती आहे, याचा अंदाज ती जोडीदाराच्या पायांवरून बांधते आणि लगेच हात आखडता घेते.

पुढची पायरी पिलांची. दोन अंडी साधारण चार दिवसांच्या अंतराने फुटतात, त्यामुळे थोरलं पिलू आधीच मोठं झालेलं असतं. सुकाळात दोघं वाढतात. ह्यू ड्रमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवलं की थोरल्याचं वजन वीस-पंचवीस टक्क्यांनी घटलं की ते धाकट्याला चोचीने मारू लागतं. बहुतेकदा त्यात धाकटं जातं. आईबाप बाजूलाच उभे असतात, मध्ये पडत नाहीत. याला क्रौर्य म्हणण्याचा मोह होतो. मी म्हणणार नाही. दोन पिलं अर्धपोटी ठेवून दोन्ही गमावण्यापेक्षा एक जगवणं, आणि तेही जमत नसेल तर स्वतः जगून पुढच्या वर्षी परत येणं, हे लहरी समुद्रावर लाखो वर्षं राहिलेल्या जिवाचं शहाणपण आहे. दुसरं अंडं म्हणजे चांगल्या वर्षाची आशा. वर्ष चांगलं निघालं तर फायदा, नाही तर तोटा थोडका.

ग्वानाय या बाबतीत आणखी पुढे गेलेला. तो अल्बट्रॉससारखा एका अंड्यावर थांबत नाही. चांगल्या वर्षांत दोन-तीन पिलं वाढवून संख्या झपाट्याने वाढवतो आणि एल निनोत लाखांनी मरतो. त्याची संख्या एका पातळीवर कधी राहतच नाही. भरती आणि ओहोटी हेच त्याचं जगणं. ओहोटीनंतर भरती येण्यासाठी त्याला एकच गोष्ट लागते : दोन वाईट वर्षांच्या मधली चांगली वर्षं, भरपूर मासळीची.

आता माणसाकडे येतो. इंका राज्यात या बेटांवर विणीच्या हंगामात पाऊल ठेवायला बंदी होती आणि पक्षी मारणाऱ्याला देहदंड होता, असं गार्सिलासो दे ला व्हेगा या इतिहासकाराने सतराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवलं आहे. कारण शेतीचं होतं. पाऊस पडत नसल्याने बेटांवरची विष्ठा धुऊन जात नाही, साठत जाते. हेच ग्वानो, नत्राने भरलेलं खत. एकोणिसाव्या शतकात युरोपला त्याचा शोध लागला आणि १८४० नंतर तीन-चार दशकं पेरूचा खजिना या खतावर चालला. चिंचा बेटांवर काही ठिकाणी शंभर-दीडशे फूट जाडीचे थर होते. ते चिनी मजुरांच्या हातून, गुलामीहून फारशा वेगळ्या नसलेल्या अवस्थेत, खणून काढले गेले. १८६४ मध्ये स्पेनने ती बेटं ताब्यात घेतली, त्यावरून युद्ध झालं. थर संपले, पक्षी उधळले गेले.

त्यानंतर पेरूने जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १९०९ साली सरकारने ग्वानोच्या व्यवस्थेसाठी कंपनी काढली. बेटांवर राखणदार नेमले, अंडी आणि पक्षी पळवण्यावर बंदी आली, बेटं आळीपाळीने विश्रांतीला ठेवली. समुद्रात घुसलेल्या भूशिरांवर भिंती बांधल्या, म्हणजे कोल्हे-कुत्रे आत शिरू नयेत आणि पक्ष्यांना विणीला आणखी जागा मिळावी. राखणदार नकाशावर वसाहतीचा विस्तार रेखत आणि दाटीने गुणून संख्या काढत. आज आपण जे आकडे बोलतो ते या माणसांच्या वह्यांतून आले आहेत. १९३९ मध्ये विल्यम व्होग्ट नावाचा अमेरिकन पक्षीतज्ज्ञ कंपनीने बोलावला. पक्षी कसे वाढवावेत, हे त्याने सांगायचं होतं. तो आला आणि एल निनोने गाठलं. त्याच्या डोळ्यांदेखत पक्षी मेले. जमीन आणि समुद्र किती जीव पोसू शकतात याला मर्यादा असते, हा विचार त्याने पुढे १९४८ च्या आपल्या पुस्तकातून जगापुढे मांडला. त्याची मुळं या बेटांवर आहेत.

१९५० च्या दशकाच्या मध्यास पेरूच्या बेटांवर अडीच कोटींहून अधिक ग्वानो-पक्षी होते. १९५७ चा एल निनो आला आणि त्यातले बहुतेक गेले. पाच-सहा वर्षांत संख्या पुन्हा दीड कोटीच्या वर चढली. भरती-ओहोटी नेहमीसारखीच. मग १९६५ चा एल निनो आला, संख्या चाळीस-पन्नास लाखांवर उतरली, आणि या वेळी ती पुन्हा चढली नाही. सात वर्षांनी १९७२ चा एल निनो आला तेव्हा ती आणखी खाली गेली. दीड कोटीचा आकडा त्यानंतर पेरूने कधी पाहिला नाही.

एल निनो तर आधीही येत होता. मग १९५७ आणि १९६५ यांच्या मध्ये काय बदललं? उत्तर जेट्टीवर होतं. कॅलिफोर्नियाची सार्डिन मासेमारी बुडाल्यावर तिथली यंत्रं पेरूला आली आणि अँचोव्हेटाचं पीठ करणारे कारखाने किनाऱ्यावर उभे राहिले. १९५५ च्या सुमारास अँचोव्हेटाची पकड वर्षाला लाख टनांच्याही आत होती. १९६४ मध्ये ती ९० लाख टनांच्या आसपास पोचली आणि १९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांवर. इतिहासात एका जातीच्या माशाची एवढी पकड कुठल्याही देशाने केलेली नव्हती. पूर्वी मासा पक्षी खाई आणि त्याच्या विष्ठेवर पेरूचं शेत पिके. आता पक्ष्याला वगळून मासा थेट पिठाच्या गोण्यांत भरला जाऊ लागला, युरोप-अमेरिकेतल्या कोंबड्या आणि डुकरांसाठी. पक्ष्यांच्या वाट्याला काय उरलं, याचा हिशेब जाइमे हांके आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मांडला. मासेमारी वाढण्यापूर्वी अँचोव्हेटापैकी साधारण १४ टक्के पक्ष्यांच्या पोटात जाई, नंतर २ टक्के.

माझं सगळं म्हणणं या दोन आकड्यांत आहे. वाईट वर्ष सोसायची तयारी पाखरांजवळ होती, लाखो वर्षांची. चांगल्या वर्षांत त्यांनी करायची बेगमी आपण उचलून नेली. आगोटीला घरातले सुके मासे, तांदूळ, लाकूडफाटा दर वर्षी कोणी काढून नेला, तर पावसाळ्याला दोष देऊन काय उपयोग?

आणि ही मोठी गोष्ट नुसत्या टनांच्या हिशेबात राहत नाही, ती एकेका पक्ष्याच्या दिवसात उतरते. पेरूच्या बूबींच्या अंगावर जीपीएस बसवून पाहिलं तेव्हा आढळलं की औद्योगिक मासेमारीचा हंगाम सुरू झाला की दिवसागणिक त्यांना लांब जावं लागतं. घरट्यातलं पिलू तेवढा वेळ उन्हात, रिकाम्या पोटी.

१९७२ कडे परत यायला हवं, कारण ते वर्ष या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांच्याही आठवणीत असेल. १९७० ला सव्वा कोटीच्या जवळ गेलेली अँचोव्हेटाची पकड १९७३ मध्ये २० लाख टनांच्या खाली कोसळली. फिशमीलच्या, म्हणजे मासळीच्या पिठाच्या, टंचाईने जगभर पशुखाद्य महागलं आणि १९७३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने काही काळ सोयाबीनची निर्यात थांबवली. त्याच १९७२ मध्ये घाटावर पाऊस फिरकला नाही. मिलो ज्वारी, सुकडी, दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं आणि त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी, हे सगळं त्या वर्षाचं. पेरूची बेटं ओस पडणं आणि मराठवाड्यातल्या विहिरी आटणं या दोन्हींच्या मागे प्रशांत महासागरातली एकच उलथापालथ होती. हा धागा शोधण्याचं कामही भारतातूनच सुरू झालं. १८९९ च्या भीषण दुष्काळानंतर मान्सूनचं भाकीत करण्याचं ओझं घेऊन गिल्बर्ट वॉकर १९०४ साली भारताच्या वेधशाळांचे प्रमुख झाले. जगभरच्या नोंदी धुंडाळताना त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरावरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा खाली-वर होताना आढळला. १९६९ मध्ये याकोब बियर्कनेस यांनी तो झोका आणि एल निनो एकच असल्याचं दाखवलं. प्रत्येक एल निनोत आपला पाऊस बुडतो असं मात्र नाही. १९९७ चा एल निनो जबरदस्त होता, तरी आपल्याकडे पाऊस बरा झाला. पण संबंध पक्का आहे.

इथवरची गोष्ट एल निनो आणि मासेमारी यांची. आता तिसरा घटक आला आहे, तो म्हणजे तापत चाललेला समुद्र. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य प्रशांत महासागरात, अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत, पाणी असं तापलं की तशी नोंद पूर्वी नव्हती. तिथे गिलेमॉट नावाचा पक्षी कड्यांच्या अरुंद कपारींवर राहतो. घरटं करत नाही, उघड्या खडकावर एकच अंडं घालतो. पिलू तीन आठवड्यांचं झालं की उडता येत नसतानाही कड्यावरून खाली झेप घेतं आणि पुढचे काही आठवडे बाप त्याला समुद्रावर सांभाळतो. दोनशे मीटर खोल सूर मारणारा हा कसलेला शिकारी. पण त्याचं चयापचय इतकं जलद की चार-पाच दिवस उपास घडला तर तो मरतो. पाणी तापल्यावर लहान मासे रोडावले. आणि थंड रक्ताच्या मोठ्या माशांची भूक तापमानाबरोबर वाढते, म्हणून कॉड आणि पोलॉक तेच लहान मासे जास्त खाऊ लागले. दोन्हीकडून गिलेमॉटचं ताट रिकामं झालं. किनाऱ्यांवर ६२ हजारांच्या आसपास मेलेले पक्षी मोजले गेले. समुद्रातच बुडाले त्यांची तर गणतीच नाही. कित्येक वसाहतींत त्या वर्षांत एकही पिलू वाढलं नाही. २०२४ च्या डिसेंबरात 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे अलास्कातले सुमारे ४० लाख गिलेमॉट, म्हणजे तिथले निम्मे, त्या लाटेत गेले आणि नंतरच्या सात वर्षांत त्यांची संख्या सावरलेली नाही.

इथे मी मघाशी सांगितलेला नियमच मोडला. पिलू सोडून स्वतः वाचायचं, हा त्या पक्ष्यांचा शेवटचा उपाय. अलास्कात पिलं सोडूनही मोठे पक्षी वाचले नाहीत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हवामान-अभ्यासाचं भाकीत आहे की हरितगृह वायू असेच वाढत राहिले तर तीव्र एल निनो वीस वर्षांतून एकदा येण्याऐवजी दहा वर्षांतून एकदा येऊ लागतील. मधली चांगली वर्षं त्यामुळे आणखी कमी होणार. पेरूत तर संकटं एकापाठोपाठ एक येत आहेत. २०२२ च्या अखेरीस बर्ड फ्लूने तिथल्या वसाहतींत लाखांनी पक्षी मारले, आणि पाठोपाठ २०२३ मध्ये किनारा असा तापला की सरकारला अँचोव्हेटाचा पहिला हंगामच रद्द करावा लागला.

समुद्र तापणं उद्या थांबवणं कोणा एका किनाऱ्याच्या हातात नाही. मासळीचा वाटा ठेवणं मात्र हातात आहे, आणि तो किती ठेवायचा याचं उत्तरही आज आपल्यापाशी आहे. २०११ मध्ये फिलिप क्युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सात सागरी प्रदेशांतल्या १४ समुद्री पक्ष्यांच्या विणीच्या अनेक दशकांच्या नोंदी एकत्र केल्या. एका बाजूला पिलं किती जगली, दुसऱ्या बाजूला समुद्रात लहान मासे किती होते. प्रदेश वेगळे, पक्षी वेगळे, तरी सगळीकडे एकच आकार उमटला. लहान माशांचा साठा त्याच्या सर्वाधिक पातळीच्या एक तृतीयांशावर असेपर्यंत पिलं बरी जगतात. त्याखाली गेला की वीण ढासळते. तिसरा हिस्सा पाण्यात राहिला पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ.

हे कागदावर राहिलेलं नाही. ब्रिटनने २०२४ मध्ये उत्तर समुद्रातल्या आपल्या हद्दीत सँडइल या लहान माशाची मासेमारी बंद केली, कारण किटीवेक आणि पफिन हे समुद्री पक्षी त्याच्यावर पिलं वाढवतात. युरोपीय संघाने त्याविरुद्ध दाद मागितली, तरी बंदी उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेत २०२५ च्या मार्चमध्ये कोर्टात समेट होऊन आफ्रिकन पेंग्विनच्या सहा वसाहतींभोवती दहा वर्षांसाठी सार्डिन आणि अँचोव्हीची व्यापारी मासेमारी थांबवण्यात आली. पेरूनेही २००९ मध्ये २२ बेटं आणि ११ भूशिरं मिळून राष्ट्रीय राखीव क्षेत्र जाहीर केलं. तिथे आजही ठरलेल्या बेटांवर हाताने ग्वानो खणून छोट्या शेतकऱ्यांना दिलं जातं. राखणदार आजही मोजतात.

आता आपल्याकडे. आपल्या किनाऱ्यावर पेरूसारखी लाखोंची वसाहत नाही. पण वेंगुर्ला रॉक्स आहेत. दीपगृह असलेली ही खडकाळ बेटं, तिथे सुरय पक्षी, विशेषतः काळपट पाठीचा ब्रायडल्ड टर्न, कपारींत आणि दगडांच्या आडोशाला पावसाच्या सुमारास अंडी घालतात. हुमायूं अब्दुलअली यांनी तिथले सुरय आणि पाकोळ्या यांच्यावर १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. सुरय पिलाला काय भरवतो? चोचीत आडवा धरून आणलेला लहान मासा. तोच लहान मासा आपल्या जाळ्यात येतो. तारलीचं काय झालं ते केरळच्या आकड्यांवरून पाहा : २०१२ मध्ये चार लाख टनांच्या जवळ, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही आत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यामागे समुद्राचे बदल आणि पिल्लं-मासळीची अतोनात पकड, दोन्ही कारणं दिली आहेत. पेरूचा धडा याहून वेगळा नव्हता. एलईडीच्या उजेडात आणि बारीक आसाच्या जाळ्यांत येणारी पिल्लं-मासळी फिशमीलच्या गोणीत गेली, तर ती ना खवय्याच्या ताटात येते, ना सुरयाच्या चोचीत, ना पुढच्या वर्षीच्या जाळ्यात. रापणीत प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो, हे इथल्या माणसांना मी सांगायला नको. त्या वाटपात समुद्रालाही एक वाटा धरावा, एवढंच माझं मागणं.

माझी आपल्याला तीन कामांसाठी विनंती आहे. मे ते सप्टेंबर या काळात वेंगुर्ला रॉक्सवर कोणी उतरू नये, पर्यटकांना उतरवू नये, अंड्यांना हात लावू नये. पावसाळ्यात वादळाने थकलेला बूबी किंवा सुरय किनाऱ्यावर पडलेला दिसतो, त्याला दया म्हणून पुन्हा पाण्यात टाकू नका, तो बुडेल. खोक्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा आणि वनखात्याला कळवा. आणि तिसरं काम मोजणीचं. दर वर्षी, त्याच आठवड्यात, होडीतूनच, एकाच पद्धतीने सुरय मोजायचे आणि चोचीत कोणता मासा आहे ते लिहायचं. पेरूच्या राखणदारांनी शंभर वर्षं हे केलं म्हणून आज आपण काही ठामपणे बोलू शकतो. मासा ओळखायला इथल्या मच्छीमारांइतकं कोणी तयार नाही आणि वही धरायला महाविद्यालयातली मुलं आहेत. ज्यांची यायची तयारी आहे त्यांनी जाताना वाचनालयाच्या टेबलावर नाव आणि गाव लिहून जावं.